रिसॉर्टचे ‘जेवणासह’ पॅकेज घ्यावे का?

सहलीचे बेत ठरू लागले की रुग्ण विचारतात, “डॉक्टर, आम्ही पंधराजण चाललोय. तिन्ही वेळचे जेवण आधीच घेऊन ठेवू का?”

माझे मत स्पष्ट आहे. गटात कोणी मधुमेही असेल तर नाश्ता आणि रात्रीचे जेवण (‘एमएपी’) पुरे. ‘एपी’ म्हणजे तिन्ही वेळचे नको. पैसे आधीच भरले की ते वसूल करायला आपण भुकेपेक्षा जास्त खातो. शिवाय दुपारच्या जेवणासाठी फिरणे अर्धवट सोडून परतावे लागते. दुपारी जिथे असाल तिथे, पण वेळेवर जेवा.

बुकिंगआधी एवढे जरूर विचारा : रात्रीचे जेवण नक्की किती वाजता? ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन आठला घेतले आणि बुफे साडेनऊला लागला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा.

पॅकेज स्वस्त आहे का, हे नंतर बघा. आईबाबांच्या गोळीची वेळ सांभाळली जाते का, ते आधी बघा.