टी-शर्टासाठी श्रमदान

२०२० च्या ऑक्टोबरात मुक्तस्रोत आज्ञावलींच्या जगावर एक विचित्र संकट ओढवले. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या वार्षिक उपक्रमात चार सुधारणा सुचविणाऱ्यास टी-शर्ट देण्याची प्रथा होती. त्या वर्षी निरर्थक सुधारणांचा पूर आला. माहितीपत्रकात ‘उत्तम प्रकल्प’ असे दोन शब्द घुसडले, की झाली सुधारणा! विनामोबदला राबणारे प्रकल्पांचे राखणदार हैराण झाले आणि संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करणे आयोजकांना भाग पडले. २०२४ च्या आरंभी ‘एक्स्प्रेस’ या प्रकल्पावरही, शिकवणीच्या चित्रफिती पाहून आलेल्या नवशिक्यांनी अशीच धाड घातली. दोन्ही वेळी भारतीय विद्यार्थ्यांकडे बोट दाखविले गेले.

छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांनी याकडे त्रयस्थपणे पाहून चालणार नाही. १९५८ साली येथे विद्यापीठ आले, १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. पण संगणक शिकलेल्या मुलाची नजर पुण्याकडेच असते. तेथे अनुभव मागतात आणि नोकरीवाचून अनुभव मिळत नाही. या कोंडीत मुक्तस्रोत हा मार्ग त्याला दिसावा, हे स्वाभाविकच आहे. तेथे पदवी विचारीत नाहीत. १९९१ मध्ये लिनक्स जाहीर करणारा लिनस टोरवाल्ड्सही हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थीच होता. मात्र पदवी विचारीत नाहीत म्हणून काहीही खपते, असे नव्हे. तेथील प्रत्येक ओळ उघड्यावर तपासली जाते आणि लिहिणाऱ्याच्या नावावर कायमची राहते.

आरंभ आज्ञावली लिहिण्यापासून करावा लागतो, हा समजही चुकीचा आहे. आधी ती वापरावी. दोष आढळल्यास तो पूर्वी कोणी नोंदविला आहे काय, ते पाहावे. नसल्यास कोणत्या आवृत्तीत काय केले असता काय घडले आणि काय घडावयास हवे होते, ते नेमके लिहावे. प्रयोगवही प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यास हे अवघड नाही.

असे दोष शोधण्यास दूरही जावे लागत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ संगणकात दोन निराळ्या पद्धतींनी साठविला जातो. परिणामी, डोळ्यांना समोर दिसणारा शब्द शोधू जाता पुष्कळदा सापडत नाही. कचेरीतल्या कारकुनाला हा मनस्ताप परिचयाचा असेल. कॅलिफोर्नियातील निष्णात अभियंत्याला तो दिसणारही नाही. पाट्यांवर देवनागरीबरोबर उर्दूही नांदविणाऱ्या या शहरात अशा दोषांचे जाणकार दोन्ही लिप्यांत आहेत. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांच्या मराठी रूपांतराचे काम स्वयंसेवकच करतात. तेथे मराठीचा प्राध्यापक अभियंत्याइतकाच उपयोगी पडेल.

अडचण आहे ती गुणांची. तयार मिळणारा प्रकल्प बांधून सादर करणाऱ्यास अंतिम वर्षी जे गुण मिळतात, तेच महिनाभर एका दोषाचा माग काढणाऱ्यास मिळत असतील, तर विद्यार्थी टी-शर्टाच्या मागे धावला म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. राखणदाराने कारणे देऊन नाकारलेली एक प्रामाणिक सुधारणाही मूल्यमापनास पात्र धरली पाहिजे. अंतर्गत गुणांपुरता हा प्रयोग एखाद्या विभागाने येत्या सत्रात करून पाहण्यास हरकत नसावी. त्यासाठी नवी प्रयोगशाळा तर लागत नाहीच.