कॅम्पसची संस्कृती कशी मोजायची?

अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांची तुलना करताना आपली मुले हिरवळ पाहतात, वसतिगृह पाहतात. आम्ही म्हणतो, आधी एकच प्रश्न विचारा: इथे जन्माला किती किंमत आहे?

ॲमहर्स्ट कॉलेजने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात मिळणारे झुकते माप २०२१ मध्ये बंद केले. ते वंशाचे आरक्षणच होते; पण ‘मेरिट’वाल्यांनी त्याला कधी आरक्षण म्हटले नाही. त्याच वर्षी मेन राज्यातल्या कोल्बी कॉलेजने भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द घातला. जात विमानात बसून तिथेही पोचली, याचीच ही कबुली. केंटकीतले बेरिया कॉलेज १८५५ मध्ये गुलामगिरीच्या विरोधकांनी काढले. तिथे शिक्षणशुल्क नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावेच लागते. श्रम कुणा एकाच्या जन्माला चिकटवलेले नाहीत.

नियम आला म्हणजे भेदभाव संपला, असे नव्हे; हे आपल्याइतके कुणाला कळणार? पण तक्रारीला पाय ठेवायला जागा लागते, ती नियमच देतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या कॉलेजचे भेदभावविरोधी धोरण वाचा. त्यात ‘जात’ नसेल, तर का नाही, हे लेखी विचारा.