भुकेच्या नावाने मैफल, बोलणाऱ्यावर गुन्हा

रेवदंड्याच्या पडक्या पोर्तुगीज तटाशी सायंकाळी पोरे बसतात, तेव्हा त्यांच्या मोबाइलमधून कधी कोळीगीत तर कधी पोस्ट मलोन या अमेरिकन रॅपर-गायकाचा आवाज ऐकू येतो. त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली दंडुका उगारणाऱ्यांच्या रांगेत आम्हांस उभे राहावयाचे नाही. प्रश्न निराळा आहे. हा आवाज खाडीकाठापर्यंत आणून पोचविला कोणी, आणि कशासाठी?

रॅप ज्या हिप-हॉप चळवळीतून आले, ती १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्स या दरिद्री भागात, कृष्णवर्णीय तरुणांच्या वस्तीत जन्मली. पडझड झालेल्या इमारती, बेकारी, पोलिसांचा जाच हे पुढे तिचे विषय झाले. मलोन हा टेक्सासमध्ये वाढलेला गोरा तरुण. २०१५ साली त्याने एक गाणे इंटरनेटवर टाकले, ते गाजले, आणि त्याच वर्षी रिपब्लिक रेकॉर्ड्स या बलाढ्य कंपनीने त्याला करारबद्ध केले. २०१७ चे त्याचे ‘रॉकस्टार’ आठ आठवडे अमेरिकेच्या यादीत अग्रस्थानी होते. गळा गोड आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच वर्षी पोलंडमधील एका मुलाखतीत, जीवनाविषयी विचार करावयाचा असेल तर हिप-हॉप ऐकू नका, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले! ज्यांच्या व्यथेवर त्याचा इमला उभा, त्यांच्या शब्दांना त्याने एका वाक्यात निकालात काढले. २०२४ मध्ये त्याने कंट्री संगीताचा संग्रह काढला. तोही अग्रस्थानी गेला. बाजाराला गायक हवा असतो तो असा, कोणत्याही डब्याला जोडता येणाऱ्या इंजिनासारखा.

हाच मलोन १० डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गायला. मैफल होती झोमॅटोच्या ‘फीडिंग इंडिया’ या उपक्रमाची, म्हणजे भुकेल्यांच्या नावाने. दारोदार अन्न पोचविणाऱ्या मुलाला कामगार न म्हणता ‘पार्टनर’ म्हणणारी ही कंपनी. तिने भुकेची चिंता घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तिकीट लावून वाहिली.

चारच महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाने पक्षांतर आणि खोके यांवर मराठीत रॅप केले. अंबरनाथमध्ये त्याच्यावर गुन्हा नोंदविला गेला. मुंबईत वडाळ्याच्या उमेश खाडे यालाही राजकारण्यांवरील रॅपबद्दल त्याच महिन्यात पोलिसांना तोंड द्यावे लागले. या दोघांची भाषा सोवळी नव्हती, हे खरे. पण शाहिराची भाषा सोवळी असावी, असे कोणत्या तमाशाने मानले? अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकावर बंदी घालणाऱ्या सरकारचाही राग शिवराळपणावर नव्हता. डफावरची थाप कोणाच्या पाठीवर बसते आहे, हे त्याला नेमके कळत होते.

आता त्या तटाजवळच्या पोरांकडे वळू. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांचे सांडपाणी कुंडलिकेतून त्यांच्याच खाडीत उतरते. पर्ससीन जाळ्यांवर शासनाने २०१६ साली निर्बंध घातले. तरी लहान होडीवाल्याची तक्रार सरलेली नाही. यांपैकी एखाद्याने उद्या हे सारे आपल्या आगरी-कोळी बोलीत, त्याच अमेरिकन ठेक्यावर, कारखानदारांची आणि पुढाऱ्यांची नावे घेऊन म्हटले, तर त्याला रेसकोर्स कोण देणार? आणि गुन्हा नोंदवावयाचा तो कोणत्या ठाण्यात?