दृष्टीआड सृष्टी

मोरीतून वाहून गेलेले पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न फारच थोड्या घरांत विचारला जातो. भांडी घासून झाली, कपडे धुऊन झाले, स्नान उरकले. वापरलेले पाणी मोरीच्या जाळीखाली उतरले, की घर त्याच्याविषयी निश्चिंत होते. केराची बादली घंटागाडीत रिकामी झाली, की केराशी असलेला संबंधही सुटतो. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही मराठीतली जुनी म्हण आहे. परंतु घाणीच्या बाबतीत ती म्हण न राहता रीतच होऊन बसली आहे. डोळ्यांसमोरून जे गेले ते जगातून गेले, अशी सोयीची समजूत मनुष्याने करून घेतली आहे. निसर्गाला ही समजूत मान्य नाही. त्याच्या राज्यात कोणतीही वस्तू नाहीशी होत नाही. ती एक तर जागा बदलते, नाही तर रूप बदलते. घाणीची नुसती जागा बदलणे ही स्वच्छता नव्हे. तिचे रूप बदलणे हीच खरी स्वच्छता होय.

नुसती जागा बदलल्याने काय होते, याचा धडा दूरच्या एका महानगराला फार महाग पडला. लंडन शहराची सारी घाण थेम्स नदीत जात असे. 1858 सालच्या उन्हाळ्यात नदीला अशी दुर्गंधी सुटली, की तीरावरच्या पार्लमेंटच्या इमारतीत बसणेही सभासदांना अशक्य झाले. तेव्हा कोठे घाईघाईने कायदा झाला, आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या हाती काम सोपविण्यात आले. त्याने जमिनीखालून मोठमोठी गटारे बांधून शहराचे मैलापाणी पूर्वेकडे, नदीच्या खालच्या अंगाला नेऊन सोडले. पटकीच्या साथींपासून लंडनची सुटका करणारे हे काम थोर होते, यात शंका नाही. तथापि घाण नाहीशी झाली नव्हती. ती केवळ पुढे सरकली होती. 1878 साली ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ नावाची प्रवासी बोट नेमकी त्या मैलापाण्याच्या मुखांजवळ टक्कर होऊन बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. नुकत्याच सोडलेल्या घाणीने तेथले पाणी भरलेले होते, हे त्या वेळी सर्वांच्या ध्यानी आले. पुढे 1887 पासून मैल्याचा गाळ जहाजांत भरून समुद्रात टाकण्यात येऊ लागला. ती प्रथा 1998 साली बंद पडली. शहरातून नदीत, नदीतून समुद्रात, असा घाणीचा हा प्रवास शंभर वर्षांहून अधिक काळ चालला होता.

हे उदाहरण परक्या देशाचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण महाराष्ट्रातील नद्याही हीच कथा सांगतात. पुण्याची मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. देहू आणि आळंदी या संतभूमींवरून येणारी इंद्रायणी तुळापुरास भीमेतच येऊन मिळते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी पुरतेपणी शुद्ध न होताच या नद्यांत मिसळत आले आहे. भीमेचे पाणी पुढे उजनीच्या जलाशयात साठते. त्या पाण्यावर शेते पिकतात आणि सोलापूर शहराची तहान भागते. तीच भीमा पंढरपुरास चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. आणि लक्षावधी वारकरी तिच्यात श्रद्धेने स्नान करतात. वरच्या शहरातील मोरीचे पाणी आणि खालच्या गावातील तीर्थ यांच्यामध्ये काही कोसांचेच अंतर असते. नदीकाठी कोणतेही गाव शेवटचे नसते. प्रत्येक गावाच्या खाली आणखी एक गाव असतेच.

घाणीचे रूप बदलता येते काय? निश्चितच येते, आणि ते काम निसर्ग स्वतः अनादिकाळापासून करीत आला आहे. वाहत्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने ते घाणीवर आपला निर्वाह करतात आणि पाणी पुन्हा निर्मळ करतात. परंतु घाण अतोनात वाढली, की पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात आणि नदी कुजू लागते. सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात नदीचे हेच काम थोड्या जागेत व थोड्या वेळात करून घेतले जाते. प्रथम जाळ्या लावून चिंध्या, काटक्या व प्लॅस्टिक अडवितात. मग रेती व जड गाळ तळाशी बसू देतात. त्यानंतर मोठ्या टाक्यांत हवेचे बुडबुडे सोडून सूक्ष्म जीवांना भरपूर प्राणवायू पुरवितात. ते जीव घाण खाऊन वाढतात, पुढच्या टाकीत तळाशी बसतात आणि वरचे पाणी निवळ होते. शेवटी रोगजंतू मारून ते पाणी नदीत सोडतात किंवा बागांना व कारखान्यांना पुरवितात. उरलेला गाळ कुजवून त्यापासून जळणाचा वायू मिळतो.

ही युक्ती कशी सापडली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे सांडपाण्यात हवा सोडून प्रयोग करीत होते. पाणी शुद्ध होई, पण त्याला कित्येक आठवडे लागत. तेव्हा तळाशी उरलेला गाळ निरुपयोगी म्हणून फेकून न देता त्यांनी तो जपून ठेवला आणि नव्या सांडपाण्यात मिसळला. त्या गाळातच काम करणारे जीव होते. त्यामुळे आठवड्यांचे काम काही तासांत होऊ लागले. 1914 साली त्यांनी आपला शोध जाहीर केला, आणि आज जगभरची असंख्य केंद्रे त्याच तत्त्वावर चालतात. ज्याला इतर लोक घाण म्हणत होते, त्याकडे पाठ न फिरवता त्या दोघांनी नीट पाहिले, हेच त्यांच्या यशाचे मर्म होय.

मग एवढे ज्ञान हाती असूनही नद्या मलिन का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 सालच्या अहवालानुसार भारतातील शहरांत दररोज सुमारे 72,000 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते, आणि त्यांपैकी सुमारे 20,000 दशलक्ष लिटरच प्रत्यक्ष शुद्ध केले जात होते. म्हणजे ज्ञानाची उणीव नाही. उणीव आहे ती निर्धाराची. रस्ता किंवा पूल बांधला तर तो सर्वांना दिसतो. जमिनीखालची गटारवाहिनी कोणाला दिसत नाही, म्हणून तिच्यावरचा खर्च मागे पडतो. येथेही ‘दृष्टीआड सृष्टी’ हीच वृत्ती आडवी येते.

या वृत्तीचा सर्वांत कठोर परिणाम मात्र माणसांना भोगावा लागतो. तुंबलेल्या गटारात हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साचतात. अशा गटारांत व मैल्याच्या टाक्यांत उतरविलेल्या अनेक कामगारांनी आपले प्राण गमावले आहेत. संरक्षक साधनांवाचून माणसाला तेथे उतरविणे हा 2013 सालच्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. तरीही अशा मृत्यूंच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. घाण करणारे सगळेच, आणि ती काढणारे मात्र काही विशिष्ट जातींचे, ही या देशातील जुनी अन्यायाची घडी आहे. ती मोडण्यासाठी झटणाऱ्यांत कोकणातील आप्पासाहेब पटवर्धन हे एक होते. रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्यालाही करू द्यावे, म्हणून त्यांनी 1932 साली अन्नत्यागाचा मार्ग पत्करला. त्यांना साथ देण्यासाठी महात्मा गांधींनीही येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. आपली घाण दुसऱ्याने काढावी आणि त्यालाच हीन समजावे, याहून मोठे मालिन्य नाही, असेच त्यांचे आचरण सांगत होते.

कोणी असे म्हणेल, की लोक कर भरतात, म्हणून घाणीची व्यवस्था हे नगरपालिकेचे काम आहे. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. केंद्रे बांधणे, ती अखंड चालविणे आणि कारखान्यांना वेसण घालणे ही कामे शासनानेच केली पाहिजेत. त्याबद्दल नागरिकांनी त्याला जाबही विचारला पाहिजे. परंतु मोरीत ओतलेले तेल गटारात थिजते, आणि उरलेली औषधे व रंग शुद्धीकरण करणाऱ्या सूक्ष्म जीवांनाच मारतात. ओल्या कचऱ्यात लपलेली फुटकी काच एखाद्या कामगाराचा हात चिरते. मुंबईतील देवनारच्या कचराभूमीवर 1927 पासून मिसळलेल्या कचऱ्याचे डोंगर साचत गेले होते. 2016 च्या जानेवारीत त्यांना आग लागली, तेव्हा धुराने परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओला कचरा वेगळा ठेवला तर त्याचे खत होते. कागद, काच व पत्रा वेगळा ठेवला तर त्यांना पुन्हा उपयोग लाभतो. हे निवडण्याचे काम स्वयंपाकघरात काही क्षणांत होते. कचराभूमीवर ते जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच नगरपालिकेचे काम जेथे सुरू होते, त्याच्या आधी घराचे काम पुरे झालेले असले पाहिजे.

शाळेतील मुले शुद्धीकरण केंद्र बांधू शकत नाहीत. पण प्रश्न विचारण्याला वयाची अट नाही. शाळेचे सांडपाणी कोठे जाते, गावात केंद्र आहे काय, असल्यास ते चालते काय, आणि तेथे काम करणाऱ्यांच्या हातांत मोजे आहेत काय, एवढे जरी प्रत्येक शाळेत विचारले गेले, तरी पुष्कळ झाकलेल्या गोष्टी उजेडात येतील. गावाच्या स्वच्छतेची परीक्षा त्याच्या झाडलेल्या चौकात होत नसते; ती नदीकाठच्या खालच्या गावात होते. तेथल्या लेकरांना घाटावर निर्धास्तपणे पाण्यात उतरता आले, तर वरचे गाव त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले असे समजावे.