घरचा साबण पुरतो कसा?



चाकण-खेडच्या पट्ट्यात पुष्कळ घरांचा एक पाय शेतात, तर दुसरा कारखान्याच्या पाळीत. संध्याकाळी मळलेले हात दोन्हीकडून येतात आणि साबण भराभर संपतो. घरी साबण करणाऱ्या बहिणींची तक्रार असते, की फेस चांगला येतो. पण आठ दिवसांत वडीचा लगदा होतो. तेलाचे पैसे न्हाणीतून वाहून जातात.

याचे मुख्य कारण म्हणजे घाई. शेतातला ओला कांदा तुम्ही तसाच चाळीत भरता का? नाही. तो पातीसकट सुकवता, सावलीत वारा देता, मगच तो टिकतो. साबणाचेही तसेच आहे. ताज्या वडीत जवळजवळ पाव हिस्सा पाणी असते. वड्या फळीवर बोटभर अंतराने मांडा, सावलीत चार ते सहा आठवडे ठेवा, आठवड्याला उलटा. एका वडीचे वजन करीत जा. ते घटायचे थांबले की साबण तयार. पावसाळ्यात वेळ जास्त लागतो.

तेलही पाहावे. खोबरेलाची वडी कडक होते, फेस देते; पण पाण्यात लवकर झिजते. करडई, सूर्यफुलाची मऊ राहते. वनस्पती तुपाचा हिस्सा घातल्यास वडी जास्त दिवस पुरते.

घरच्या साबणात ग्लिसरीन राहते. ते हवेतली ओल ओढते. म्हणून वडी कधीही पाण्यात ठेवू नका. वाळल्या घोसाळ्याची जाळी खाली ठेवा, पाणी निथळते. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटून चोथा होतो व जास्त लागतो. पागोळीचे पाणी धरले तर थोडक्यात भागते.

एक मात्र विसरू नका. कॉस्टिक सोडा तराजूनेच मोजा. तो जास्त पडला, तर वडी कितीही वाळवली तरी लेकरांचे अंग भाजते. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर ओतू नये. अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये आणि मुलांना लांब ठेवावे.

अनंत चतुर्दशीपासून नरक चतुर्दशीपर्यंत दीड महिना असतो. गणपती उठले की साबण करायला घ्या. अभ्यंगस्नानाला मुरलेली वडी हाती येईल.