रुग्ण बरा झाला. पण त्याचे घर कुठे आहे?

मनोरुग्णालयातून घरी निघालेल्या रुग्णाच्या हाती औषधांची चिठ्ठी आणि पुढील तपासणीची तारीख असते. परंतु तो जाणार कुठे आणि त्याला सांभाळणार कोण?

सन २०२१ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. महाराष्ट्रातील मनोरुग्णालयांतून काही रुग्णांना भिक्षेकरी गृहांत व वृद्धाश्रमांत हलविण्यात आले होते. न्यायालयाने हा प्रकार त्वरित थांबविण्याचा आदेश राज्य शासनास दिला. कायदा तर स्पष्टच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आहे. केवळ कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही, असे त्याचे १९ वे कलम सांगते. त्यांच्यासाठी समाजात निवासाची सोय करणे शासनावर बंधनकारक आहे. रुग्णाला घरी पाठविण्यापूर्वी पुढील उपचारांची आखणी व्हावी, असे ९८ वे कलम सांगते.

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. नाशिक विभागात एकही नाही. दूरच्या तपासणीसाठी मजुरी बुडते, प्रवासखर्च वाढतो आणि एखादी तारीख चुकते. बरे वाटू लागले म्हणूनही गोळ्या बंद होतात. मग आजार उलटतो. घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर विशेष जोखमीचे. याच काळात आत्महत्येचा धोका वाढलेला असतो.

बेल्जियममधील गील या गावी संत डिम्फना हिच्या तीर्थस्थानी मनोरुग्णांना आणले जाई. गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत आसरा दिला. शतकांपूर्वीची ती प्रथा आजही तेथे जिवंत आहे. नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेस दर फेब्रुवारीत हजारो भाविक येतात. आपल्या भक्तीलाही असे फळ का येऊ नये?

आपल्या धर्मग्रामांना मोठी संस्था उभारावी लागणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयातून उपचार मिळू शकतात. रुग्णासोबत तेथे जाणारा एक सोबती लघु ख्रिस्ती समूहातून सहज मिळेल. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देताना या घरांचेही दार ठोठवावे. थकलेल्या आईला चार तासांची उसंत द्यावी. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावावा. आणि ‘वेडा’ हा शब्द आपल्या तोंडून कायमचा जावा. प्रार्थना अवश्य करावी, पण तिच्या भरवशावर गोळ्या थांबवू नयेत.

संत मार्कच्या शुभवर्तमानात थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा एक मनुष्य भेटतो. बरा झाल्यावर त्याला प्रभूच्या मागे जायचे होते. प्रभूने मात्र त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठविले. तो घरी पोहोचला तेव्हा दार उघडले गेले की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. आज ते दार आपले आहे.