आचारी आणि आचार्य

कॉम्प्युटरची अडचण ऑनलाइन विचारण्याची सोय झाली, पण विचारायचं कसं हे अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. ‘मराठी बरोबर उमटत नाही, अर्जंट सांगा’ असा प्रश्न परवा भीमपूरच्या एका मुलाने टाकला होता. लगेच तीन उत्तरं आली. एकाने मोबाइल बदलायला सांगितलं, दुसऱ्याने आधी मराठी शिकायला, तिसऱ्याने नुसता हसरा चेहरा पाठवला. अशी मदत न केलेली बरी!

मी त्याला विचारलं, ‘अरे, शब्द कोणता? कोणत्या कळा दाबल्यास? हवं काय होतं आणि उमटलं काय?’ तेव्हा उलगडा झाला. गावजेवणानंतरच्या पत्रकात त्याला ‘आचाऱ्यांचे आभार’ लिहायचं होतं आणि उमटत होतं ‘आचार्यांचे आभार’. दिवसभर चुलीपुढे घाम गाळला कुणी, आणि आभार कुणाचे!

मुलाचा यात काही दोष नव्हता. युनिकोडमध्ये साध्या ‘र’ला हलन्त देऊन ‘य’ जोडला की रफारच होतो. ‘ऱ्य’ हवा असेल तर खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. त्याचा क्रमांक वेगळा, ०९३१. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की तो मिळतो. मग हलन्त, मग ‘य’. हिंदीला याची गरज पडत नाही, म्हणून हिंदीवरून मराठी टायपिंगकडे वळलेले हमखास इथे अडतात.

कन्नडमध्येही ‘र’ असाच छळतो. ‘रँक’ लिहायला जावं, तर ‘र’चा अर्कावत्तु होऊन तो ‘य’च्या मागे जाऊन बसतो. तिथे ‘र’ आणि हलन्त यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. मराठीतही हे चिन्ह वापरून ‘ऱ्य’ काढता येतो, मात्र ते हलन्तानंतर घालायचं. दोन्ही भाषा लिहिणाऱ्या घरांत हा घोटाळा ठरलेला.

शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी १९९८ साली ‘बरह’ आणलं ते कन्नडसाठी. (बरह म्हणजे लेखन, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.) पुढे त्यात मराठीही आली आणि रोमन अक्षरं दाबून दोन्ही भाषा लिहिण्याची सोय झाली. ज्यांनी ते वापरलं, त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही शिकवलं.

तेव्हा विचारताना मोबाइल की कॉम्प्युटर, कळफलक कोणता, एवढं तरी लिहावं. पडद्याचा फोटो जरूर पाठवा, पण अडलेला शब्दही टाइप करून पाठवा. न दिसणारं जोडचिन्ह फोटोत कसं सापडणार? टाइप केलेला शब्द मात्र उत्तर देणाऱ्याला अक्षर अक्षर सुटं करून तपासता येतो.